शून्य चुका

५ ऑगस्ट १९९७

जमलं एकदाचं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी जकार्ताजवळ नवा कारखाना काढते आहे आणि इथली पाच पोरं दोन वर्षांसाठी तिकडे पाठवणार आहे. त्यांना इंडोनेशियन भाषा मी शिकवायची, फेब्रुवारीपर्यंत. पर्सोनेलचे बोरस्ते साहेब म्हणाले, "मॅडम, व्याकरण-बिकरण राहू द्या. तिथल्या साहेबानं काम सांगितलं तर कळलं पाहिजे आणि उत्तर देता आलं पाहिजे, बास. शेवटी तुम्ही एक कागद द्यायचा. ह्याला भाषा येते, ह्याला येत नाही. येत नाही त्याला आम्ही पाठवणार नाही."

मी म्हटलं, चालेल, पण तासांचं रेकॉर्डिंग मला प्रबंधासाठी हवं. ते म्हणाले, करा की, आमचं काय जातंय.

प्रबंध चार वर्षं रखडलाय. विषय ऐकला की कॉलेजातले लोक हसतात: इंडोनेशियन ही दुसरी भाषा म्हणून शिकणारा माणूस बोलता बोलता 'नाही' म्हणायला कसा शिकतो. शिकणारी माणसंच नाशकात नव्हती, तर लिहिणार काय, कपाळ! आता पाच मिळाली.

विषय मला शोभतो म्हणे. बांडुंगला सहा वर्षं संसार केला, भाषा बाजारातून आणि शेजारणींकडून उचलली, आणि एक दिवस नवऱ्याला तोंडावर नाही म्हणून एकटी नाशिकला परत आले. स्टाफरूममध्ये माझ्यामागे मला 'नन्नाचा पाढा' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. आमचे अण्णा सांगायचे, भीड भिकेची बहीण. मी भीड कधी ठेवली नाही आणि भीकही मागितली नाही.

१९ ऑगस्ट

वर्ग कंपनीच्या कँटीनमध्ये भरतो, पहिली पाळी सुटल्यावर. मागे भांडी घासण्याचा आवाज. टेपवर निम्मे शब्द आणि निम्मी पातेली.

संभाषणासाठी बू लास्त्री येतात. मूळच्या जावा बेटावरच्या, सोलो शहराजवळच्या. इथल्या एका निवृत्त इंजिनियरशी लग्न करून गंगापूर रोडला राहतात. 'बू' म्हणजे तिकडचं 'बाई' किंवा 'ताई' समजावं. पन्नाशीच्या, बारीक, आवाज इतका हळू की माइक त्यांच्या पुढ्यात सरकवावा लागतो. आम्ही दोघी इंडोनेशियनमध्ये बोलतो. डायरीत मात्र मी त्यांचं बोलणं मराठीतच लिहीन.

पोरांमध्ये पंचवटीचा सुनील सगळ्यात तोंडाळ. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला शिकवलेला पहिला नकार 'तिदाक', तर आता तो सगळ्यालाच तिदाक लावतो. चहा? तिदाक. हे पुस्तक आहे का? तिदाक. लग्न झालंय का? तिदाक. पुस्तकाच्या ठिकाणी 'बुकान', म्हणजे 'हे ते नव्हे', हवं होतं आणि लग्नाच्या ठिकाणी 'बलुम', म्हणजे 'अजून नाही'. पण चुका करतो म्हणूनच तर माझ्या कामाचा. मल्हारी आणि बाकीचे दोघे त्याच्याच वाटेनं चालले आहेत.

पाचवा जीवन. हरसूलकडच्या पाड्यावरचा, आयटीआय केलेला, कंपनीत कंत्राटी फिटर. बावीस वर्षांचा असेल. मागच्या बाकावर बसतो आणि विचारलं की मान खाली घालतो.

३ सप्टेंबर

काल तास संपल्यावर जीवननं माझ्या टेबलावर कागदात बांधलेली करटोली ठेवली. "घरची नाय मॅडम, रानातली हायेत." मी म्हटलं, अरे वा! त्याला मी आदल्या दिवशी म्हणाले होते की तासाला अर्धा तास आधी येत जा, तुझं मागे पडतंय. तेव्हा तो "हां" म्हणाला होता. आज आधी तर आला नाहीच, तासालाही आला नाही. सुनीलनं सांगितलं, त्याची पाळी बदलली आहे, त्याला लवकर निघताच येत नाही.

मग सांगायचं ना तसं! एका वाक्याचं काम. करटोली मात्र उत्तम निघाली.

२८ सप्टेंबर

बू लास्त्रींनी आज पोरांना लग्नाचा धडा दिला. म्हणाल्या, आमच्याकडे कोणी विचारलं, तुझं लग्न झालं का, तर साठ वर्षांचा म्हातारासुद्धा 'तिदाक' म्हणत नाही, 'बलुम' म्हणतो. तिदाक म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं. सुनील म्हणाला, "पण म्हाताऱ्याचं होणारच नाही, तर खोटं कशाला?" सगळे हसले. मीही सुनीलच्या बाजूची.

लास्त्रीबाईंचं आणि जीवनचं मात्र जमतं. त्या त्याला चहा पुढे करतात, तो कपावर हात ठेवून हसतो, त्या किटली मागे घेतात. टेपवर यातलं काहीच येत नाही, नुसती शांतता आणि मागे भांडी. संशोधनाच्या दृष्टीनं ही दोघं म्हणजे कोरी कॅसेट.

१६ नोव्हेंबर

हरसूलला जाऊन आले. शिकणाऱ्याच्या घरी कोणती भाषा बोलतात ते प्रबंधात लिहावं लागतं. एसटीनं हरसूल आणि पुढे जीवनबरोबर चालत पाडा. भाताची झोडणी चालली होती. त्याचे वडील वाळू, आई साळूबाई, बहीण रूपाली, आणि बारावीत नापास होऊन घरी बसलेला धाकटा बारकू. मी शाळेतल्या मास्तरणीसारखी, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. नको नको म्हणताना पोटभर जेवू घातलं. त्या घरात पाहुण्याला नाही म्हणायची सोयच दिसत नाही.

साळूबाईंना म्हटलं, पोरगा विमानात बसणार, खूश ना? त्या म्हणाल्या, "हां." मग चुलीकडे बघत म्हणाल्या, "थोरला पिंपळगावला गेलता. द्राक्षाच्या छाटणीला. टेम्पो उलटला. त्याला तिकडंच जाळला, मला दावला नाय." म्हटलं, पिंपळगाव वेगळं, हे वेगळं. इथं कंपनी सगळं बघते, राहायला खोली, डॉक्टर. त्या म्हणाल्या, "हां बाई." समजूतदार बाई आहे. लगेच मान्य केलं.

रूपालीच्या लग्नाचा विषय निघाला. पेठकडून मागणी आली होती म्हणे. वाळू म्हणाले, "गेलो त्यांच्या घरी. कोंबडी दिली. चहा प्यालो, आलो." मी म्हटलं, मग लग्न कधी? ते म्हणाले, "पाहू." रूपाली तोंडावर पदर घेऊन हसत होती. लाजली असेल.

येताना जीवन बसस्टँडपर्यंत आला. त्याला विचारलं, तुला जायचंय ना रे? तो म्हणाला, "आईचा जीव हाय, मॅडम." मी म्हटलं, आईचा जीव कोणावर नसतो, पण तुझं काय? "हां, पाहू," म्हणाला. बस आली.

१२ डिसेंबर

पुण्याला गाईडकडे गेले. सरांनी तक्ते पाहिले. सुनीलच्या चुका किती छान उतरत जातात, आधी सगळीकडे तिदाक, मग बुकान, आता बलुम. सर खूश. मग जीवनच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "शून्य चुका? चार महिन्यांत नकारात एकही चूक नाही? संध्याबाई, त्यानं नकार वापरलाय तरी का, ते एकदा बघा."

परतीच्या एशियाडमध्ये मनात धुमसत होते. आल्यावर सगळ्या कॅसेट पुन्हा ऐकल्या. खरंच एकही 'नाही' नाही. पण म्हणून काय झालं? लास्त्रीबाई विचारतात, उद्या याल का? तो म्हणतो, उद्या बाजार आहे. त्या विचारतात, हे आवडतं? तो म्हणतो, बहिणीला आवडतं. चुकीचा शब्द वापरण्यापेक्षा वळसा घालून जातो. याला भाषेचं कौशल्य म्हणतात. सरांना तसं पत्र टाकणार आहे.

१० जानेवारी १९९८

तिकडच्या रुपयाची दाणादाण उडाली आहे, पेपरात रोज येतं. मला वाटलं, कंपनी बेत रद्द करते की काय. बोरस्ते म्हणाले, "उलट मॅडम, आता तर सगळं स्वस्तात पडतंय." पोरांचे पासपोर्ट आले. सुनील पासपोर्ट खिशातून काढून दर पाच मिनिटांनी स्वतःचा फोटो बघतो. जीवननं आपला उघडलासुद्धा नाही.

१८ जानेवारी

आज मला भरून आलं. रविवार म्हणून उशिरा उठले तर दारात जीवन. हातात पाय बांधलेली कोंबडी आणि पिशवीत नागलीचं पीठ. पहिल्या एसटीनं आला होता. सोफ्याच्या कडेला टेकून बसला.

"आईनं दिली."

"अरे, कशाला एवढं?"

"ते जायाचं हाय ना. त्याच्यासाठी." मग कोंबडी माझ्याकडे सरकवली. "ठेवून घेता ना, मॅडम?"

"नको रे, तुमच्या घरची अंड्यांची कोंबडी," असं मी म्हटलं तर त्याचा चेहरा असा पडला की मी लगेच म्हणाले, "बरं बाबा, ठेवली. आईला सांग, बाईंनी आनंदानं घेतली."

त्यानं मोठा श्वास सोडला. "तुमी बोरस्ते सायबाला सांगाल ना?"

"सांगेन की. तुझं चांगलंच सांगेन."

त्यानं वाकून नमस्कार केला आणि चक्क हसला, दात दाखवून. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी विचारलं, रूपालीचं कुठवर आलं? म्हणाला, "पेठचं? ते त कवाच मोडलं." गरिबाची कोंबडीही गेली आणि सोयरीकही गेली. वाईट वाटलं.

पोळीभाजीला येणाऱ्या चंद्रभागाबाईंनी कोंबडी साफ करून झणझणीत रस्सा केला. इतकं मायेचं मला बऱ्याच वर्षांत कोणी काही आणून दिलेलं नाही. दोन वेळा जेवले.

२५ जानेवारी

तोंडी परीक्षा. सुनील पास, तिदाक-बुकान अजून घोळतं, पण पास. मल्हारी आणि आणखी एक पास. चौथा साफ नापास, त्यानं हौसेनं नाव दिलं होतं आणि हौस दिवाळीतच फिटली. बोरस्ते म्हणाले, हरकत नाही, त्याला वगळू.

आणि जीवन! कोणी मानेवरचं ओझं उतरवून ठेवावं तसा आज बोलला. पाड्याचं, भाताचं, आयटीआयचं, भराभर. लास्त्रीबाईंनी विचारलं, या वर्षी शेतात काय करणार? तर म्हणाला, बांध घालायचाय, वडिलांना एकट्यानं होत नाही. मी म्हटलं, अरे, या वर्षी तू तिकडे असशील. तो माझ्याकडे बघून हसला, जणू मी गंमत केली. मीही हसले.

रिपोर्टमध्ये त्याला पहिला नंबर दिला. शेरा लिहिला: नकारात शून्य चुका, कामाच्या सूचना उत्तम समजतात.

३० जानेवारी

ईद. लास्त्रीबाईंकडे गेले. त्यांनी नारळाच्या दुधातली कोंबडी केली होती. त्यावरून मी जीवनच्या कोंबडीची गोष्ट सांगितली. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला.

"तुम्ही ती ठेवून घेतलीत?"

"हो. अगदी प्रेमानं आणली होती."

"मग त्याच्या आईला बरं वाटलं असेल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आमच्या गावाकडेही लोक असं काहीतरी घेऊन येतात."

मी म्हटलं, कृतज्ञता सगळीकडे सारखीच असते.

त्या हसल्या. "हो," म्हणाल्या. मग पुन्हा, "जीवन पुढच्या वर्षी गेला तर? या वर्षी तिकडे हवा बरी नाही." मी म्हटलं, कागद गेलासुद्धा बोरस्त्यांकडे, पहिला नंबर आहे त्याचा. त्यांनी मला आणखी भात वाढला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला कळत नाहीत. काही म्हणायचं असेल तर सरळ म्हणावं.

१६ फेब्रुवारी

गेली पोरं. सकाळी कंपनीच्या गेटवर हार-तुरे, नारळ, फोटोग्राफर. तिघे आले होते, जीवन नव्हता. बोरस्ते तडकले. "बघा तुमचा पहिला नंबर!" हरसूलला जीप पाठवली. ती दुपारी त्याला घेऊन आली. ड्रायव्हर सांगत होता, "शेतात बांधाचं काम करीत होता, साहेब. म्हटलं चल, मॅडमनी पास केलंय, तिकीट निघालंय. तर बराच वेळ उभा राहिला. मग हात धुतले आन् बसला गाडीत. म्हातारी काय बाहेर आली नाय."

गेटवर त्यानं माझ्याकडे एकटक पाहिलं. राग नव्हता, हिशेब चुकल्यावर मुलं फळ्याकडे बघतात तसं काहीतरी. मी म्हटलं, घाबरू नकोस, काही अडलं तर सरळ सांगायचं.

"हां, मॅडम."

पिशवीत आईनं दिलेले नागलीचे पापड होते. सुनील म्हणाला, चल रे, विमानात तळू.

२१ मार्च

जीवनवर स्वतंत्र प्रकरण लिहिते आहे. सरांना अजून पटलेलं नाही. लिहिताना मधेच त्याचं ते गेटवरचं बघणं आठवतं आणि पेन थांबतं. पहिल्यांदा घर सोडलं की सगळेच तसे बघतात. मी बांडुंगला गेले तेव्हा मीही बघितलं असेल.

१५ मे

जकार्ता पेटलंय. टीव्हीवर रस्ते, धूर, लुटलेली दुकानं. कंपनीत फोन लागत नाही. बोरस्ते म्हणतात, आपला कारखाना शहराबाहेर आहे, पोरं आत सुरक्षित आहेत. लास्त्रीबाई रडून लाल झालेल्या डोळ्यांनी टीव्हीपुढे बसून आहेत, त्यांची बहीण तिकडे आहे. मी त्यांच्याकडेच थांबले. देवाला काही मागायची सवय नाही, तरी आज मागितलं.

१७ मे

जीवन गेला.

२४ मे

सुनील आला काल, बाकीच्या दोघांबरोबर. आज माझ्याकडे आला. वजन उतरलंय आणि तोंडाळपणा पार गेलाय. त्याचं बोलणं आठवेल तसं लिहिते.

"तीन दिवस गेट बंद होतं, मॅडम. आतमध्ये खायला संपत आलेलं. तिथला साहेब म्हणाला, एक ट्रक बाहेर काढायचा, तांदूळ अन् जनरेटरला डिझेल आणायचं, ड्रायव्हरबरोबर एक माणूस पाहिजे. मला विचारलं. मी तोंडावर सांगितलं, तिदाक. मरायचं का मला? मल्हारी पण नाही म्हणाला. तिथली लोकल माणसं तर आधीच कुठं गायब झाली. मग साहेब जीवनकडे वळला."

"काय म्हणाला जीवन?"

"काहीच नाही. खोलीवर गेला. आम्हाला वाटलं, दडी मारतो. तर हा त्याचे ते पापड घेऊन आला, मॅडम. आईचे. अख्खं पुडकं, तीन महिने त्यानं उघडलं नव्हतं. साहेबाच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी. कसल्या वेळेला पापड! साहेब खूश. पाठ थोपटली, थँक्यू म्हणाला, पुडकं टेबलावर ठेवलं, अन् म्हणाला, चल बस गाडीत."

"मग?"

"मग हा त्या पुडक्याकडे बघत राहिला. साहेबानं पुन्हा विचारलं, जाणार ना? तर म्हणाला, 'या'. हो म्हणाला, मॅडम. मी ऐकलं. चार किलोमीटरवर ट्रक अडवला. ड्रायव्हर उडी मारून पळाला. पेटवला ट्रक." सुनील हातांनी तोंड झाकून बसला. "एक शब्द बोलला असता ना. तिदाक. मला जमला, त्याला काय धाड भरली होती? पहिला नंबर होता त्याचा."

मी त्याला पाणी दिलं. पुडक्याचं मला काही कळत नाही आणि ते डोक्यातून जातही नाही.

२७ मे

लास्त्रीबाई आल्या होत्या. मी चहा टाकला. मग त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

"काय? कधी?"

"ईदला."

मी डायरी काढून त्या दिवसाचं पान वाचलं. त्या असं काहीही म्हणाल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी गेला तर, एवढंच. याला सांगणं म्हणतात का? मला त्यांचा राग आला आणि तो मी बोलून दाखवला. त्या "हो, हो" म्हणाल्या आणि निघून गेल्या. जाताना माझ्यासाठी आणलेला डबा ठेवून गेल्या. भात होता. तो मी फेकून दिला.

६ जून

बोरस्त्यांचा फोन. कंपनी जीवनच्या घरच्यांना वाऱ्यावर सोडणार नाही म्हणे. धाकट्या भावाला, बारकूला, त्याच्या जागी घेणार. सध्या अंबडला, पुढे तिकडचं वातावरण निवळलं की तिकडे. "आमचा माणूस जाऊन आला, मॅडम. ते नुसतं हां-हां करतात आणि पोरगं काही पाठवत नाहीत. तुम्हाला मानतात ते लोक. तुम्ही एकदा समजावून या."

मी लगेच हो म्हटलं. त्या घरासाठी एवढं तरी माझ्या हातून व्हावं. एक पोरगा गेला, दुसऱ्याचं आयुष्य मार्गी लागेल.

७ जून

हरसूलहून आत्ताच आले. चप्पलही काढलेली नाही.

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले, शेतात काळे चौकोन. बांध अर्धाच घातलेला. घरी सगळे होते. अंगणात खाट टाकली, मी बसले. जीवनचा जळालेला देहच आला असता, म्हणून कंपनीनं त्याला तिकडेच ठेवला. या वेळीही साळूबाईंना दाखवला नाही. त्या दाराला टेकून बसल्या होत्या, शेजारी भरलेला हंडा. रूपाली आत. बारकू खांबाला धरून उभा, अंगात जीवनचा कंपनीचा निळा शर्ट.

मी जीवनबद्दल बोलले. किती हुशार होता, पहिला नंबर होता, तेही बोलले. वाळू मान हलवत होते. मग बारकूच्या नोकरीचं सांगितलं. कायम नोकरी, कँटीन, पुढे परदेश. संधी पुन्हा येत नाही. तुम्ही एकदा तोंडानं हो म्हणा, मी स्वतः बोरस्त्यांना सांगते.

वाळू जमिनीकडे बघत म्हणाले, "हां, बाई."

मग ते उठले. गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश. मला वाटलं, बारकूला काही सांगतील. ते माझ्याकडे न बघता अंगणाच्या कोपऱ्यात गेले. तिथे कोंबड्यांचं डालगं होतं. त्यांनी वाकून डालगं उचललं आणि आत हात घातला.

"बस तू," साळूबाई म्हणाल्या.

वाळू तसेच वाकलेले राहिले. हातात फडफडणारी कोंबडी.

"सोड ती. पेठवाल्यांना कळली, त्यांनी पोरगी सोडली. ह्या बाईला कोंबडी कळत नाय. त्यांच्या सायबाला पापड कळत नाय." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "दिली तवा ठेवून घेतली ना तुमी? पोरगा म्हनला, आई, बाईनं घेतली, आता मी नाय जात. बांध घालाया लागला. मग जीप आली."

म्हटलं, थोडं पाणी द्याल का?

त्या घरात मी गेल्या वेळी नको म्हणेपर्यंत खाल्लं होतं. हंडा त्यांच्या हाताशी होता. काठोकाठ भरलेला, वर तांब्या पालथा घातलेला. रूपाली आतून उठून आली, तिनं तांब्याला हात घातला. साळूबाईंनी तिचा हात धरला.

"नाय," त्या म्हणाल्या.

मी उठले. वाळूंनी कोंबडी सोडली, ती अंगणातून ओरडत पळाली. बारकू बसस्टँडपर्यंत आला नाही, कोणीच आलं नाही.

आता टेबलावर जीवनचं प्रकरण आहे, वर मीच लाल शाईनं लिहिलंय, शून्य चुका. बोरस्त्यांना फोन करायचाय, ते वाट बघत असतील. काय म्हणाले ते लोक, असं विचारतील. सांगेन, नाही म्हणाले. जानेवारीतही नाहीच म्हणाले होते. तेव्हा मी रस्सा खाल्ला होता.